या ना कधी भरीत खायला

जळगावात पिंप्राळ्याला माझ्या आईस, स्पेनहून हेमांगीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. गुडघा थोडा खरचटलाय, एवढंच. नानांचं बीपी कसं आहे? पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस.

स्पॅनिशच्या वर्गात आपल्या छंदावर बोलायचं होतं. मी पुस्तकातला डोंगरकडे चढण्याचा धडा पाठ करून घडाघडा म्हटला. आमच्या लुसियाबाई हरखल्या. म्हणाल्या, "आम्हीही चढतो! रविवारी येशील?" मी म्हटलं, "येईन ना!" आपण हळदीकुंकवाला नाही का म्हणत, जायचं नसलं तरी?

इथे तसं नसतं गं. रविवारी सकाळी बाई आणि त्यांचा नवरा दोर घेऊन दारात हजर!

अर्ध्या कड्यावर पाय घसरला आणि पाठ केलेलं स्पॅनिश पार उडालं. मी ओरडले, "मरी गऊ वं माय!" बाईंना ते बरोबर कळलं. त्यांनी मला दोराने अलगद खाली घेतलं.

खाली आल्यावर मी हात जोडून म्हटलं, "या ना कधी जळगावला, भरीत खायला." सवयच गं आपली.

त्यांनी डिसेंबरची तिकिटं काढलीत. आता नानांना सांगच, आणि वरची खोली झाडून ठेव.

तुझी, सध्या जमिनीवर असलेली,
हेमांगी