पोथीच्या फडक्यातला वकील

न्हाई वो वन्सं, मला कुनी करनी केलेली न्हाई, लिंबू उतरून टाकायची गरज न्हाई, आन् डोकं हुतं तिथंच हाय. दुधाच्या टेम्पोवाल्या कल्याणनं तुमचा निरोप दिला, त्योबी डेअरीवर, चार बायांम्होरं, मोठ्यानं. "आत्या इचारत्यात, वैनीचं डोकं ठिकानावर हाय का?" म्या म्हनलं, सांग तुझ्या आत्याला, काळा गॉगल घालून भेंडी निवडनाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या डोक्याची चौकशी करू न्हाई. (रागावू नका. पर गेल्या साली डोळ्याचं आपरेशन झाल्यावर तुमी त्यो गॉगल घालून खाटंवर बसल्या हुत्या, तवा मला तुमच्यात हवालदार दिसत हुता, ह्ये आज सांगते.)

आता आदी भांडन झालं, मंग नमस्कार घ्या. थोरल्या वन्सं रंगुबाई यांना धाकटी भावजय चांगुणा हिचा वाकून नमस्कार, कंबर वाकंल तेवढा. तुमचा गुडघा, तुमची शुगर आन् तुमची सून कशी हाय ती कळवा (नावं दुखन्याच्या परमानात लिवलीत). हितं मी, चिमनी म्हस आन् तुमच्या बंधूंचा फोटू, तिघंबी खुशाल. चिमनी आटायला आली हाय आन् फोटू पयल्यासारखाच गप हाय. कागुद लई लागलेत म्हनून दचकू नका. बॉलपेन संपला, घरात काळा स्केचपेन सापडला, म्हनून अक्षर दुकानाच्या पाटीसारखं आलंय. फोनच केला असता, पर मोबाईल बिघडलाय. तुमचा नंबर दाबला की नेवाशाचा कुनी बिभीषण उचलतो. तीनदा बोलनं झालं. मानूस चांगला हाय. त्येच्या कांद्याला भाव न्हाई.

आता कामाचं. शेजारच्या दगडाबाईनं आपल्या रविराजला चाकनला फोन करून सांगितलं, तुझ्या आईला बाहेरचं लागलंय. आन् लेकानं ऐकलं! आता त्यो पोळ्याला यीतोय, पोथीची समाप्ती झाली की घराला कुलूप, चिमनी पलीकडच्या काकासाहेबांच्या गोठ्यात आन् मी चाकनला चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावर वन्सं! तिथं मी काय करू, लिफ्टला वैरन घालू? बापाचं त्यो कदी ऐकला न्हाई, माझं तर न्हाईच न्हाई, पर आत्याचं ऐकतो. तवा तुमी त्याला सांगायचं की तुझी आई शानी हाय. खोटं बोलायला नको, म्हनून काय काय घडलं त्ये समदं लिवते. वाचून तुमचाबी गोंधळ हुईल. माझा तर झालेलाच हाय.

श्रावनात तीन वाजता आपल्या ओसरीवर पोथी असती. मामंजी वाचायचे, मंग तुमचे बंधू, आन् ते गेल्यापास्नं सा साल मी. बायांत माझ्या वयाची सातवी पास मी एकलीच, म्हनून ह्यो मान. (दगडाबाईची सून बी. ए. हाय. म्हनून दगडाबाई सा साल टपून बसलीय, पोथी कवा एकदा तिच्या ओसरीवर जाती.) तर औंदा पयल्या दिवशी फडकं सोडलं, पोथी उघडली, आन् बघते तर कसर लागलेली. अक्षरं पार खाल्लेली. म्होरं पाच बाया हात जोडून बसलेल्या, तांदूळ मुठीत, दगडाबाई सगळ्यात म्होरं. आता काय करावं? पयला ध्याय तसा पाठच हाय, त्यो आठवनीवर काढला. मदी आडले तितं खोकले. खोकून खोकून घसा बसला, पर ध्याय पार पडला. दुसरा ध्याय पाठ न्हाई. आन् पोथी एकदा लावली की अर्दी सोडता यीत न्हाई, ह्ये तुमीच मला लगीन झाल्यावर शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रामपंचायतीच्या वाचनालयात गेले. दोन कपाटं हायती आन् आप्पासाहेब हायती. आप्पासाहेब तितं झोपायला असत्यात. म्या म्हनलं, पोथी द्या. ते म्हनले, पोथी न्हाई, जे हाय त्यातलं न्या, कुनीतरी न्या, रजिस्टरात दिवाळीपास्नं एक नाव न्हाई. कपाटात दोनच जातीची पुस्तकं. एक भुताची आन् खुनाची, पुन्याच्या कुना पावन्यानं बंगला रिकामा करताना दान दिलेली. दुसरी लेकरांच्या कादंबऱ्या, वरनं सरकारातनं आलेल्या, कोऱ्या करकरीत. म्या दोन्ही जातीची पिशवीभर आनली. त्यातलं एक भुताचं आन् एक लेकरांचं पोथीच्या लाल फडक्यात बांधलं, वर हळदकुंकू वाह्यलं, आन् तीन वाजता उघडलं. (पाप लागंल म्हनता? लागू द्या. पोथी वर फळीवर हुती, ती समदं बघत हुती, तिनं काय म्हनलं न्हाई.)

भुताच्या पुस्तकात असं हाय. डोंगरावर बंगला. त्यात वकील. वकिलाचा गळा कुनीतरी दाबलाय, आन् जिन्यात एक पांढऱ्या लुगड्याची बाई उभी ऱ्हाती, तिला त्वांड न्हाई. आन् पानापानावर धुकं. मला त्या पुस्तकाचं आवडलं काय, तर ध्यायांची नावं. 'रक्ताचा टिळा.' 'जिन्यावरची ती.' नाव कसं ठसठशीत, लांबनं वाचावं असं. नाव झालं की आत मातूर बारीकसारीक लई लिवलंय, बायाबापड्यांना कशाला येवढं. म्हनून मी नाव भुताचं घ्यायची आन् म्होरं लेकरांचं वाचायची. लेकरांचं पुस्तक कसं मोकळंढाकळं. चार लेकरं, मामाचा गाव, एक लंगडी शेळी, तिचं नाव बिजली, आन् एक भुयार. झालं! चार दिसांत लेकरं भुयारातनं निगून बंगल्यात पोचली, बिजलीनं वकिलाच्या कोटाचं बटान खाल्लं, आन् पांढऱ्या बाईला सुट्टीचा लाडू मिळाला. आता मलाच उमजत न्हाई, शेळी मामाची का वकिलाची. दोन्ही पुस्तकं धुंडाळली. एका जागी वकील शेळीला भेतो असं वाचल्यागत वाटतं, पर त्ये मी वाचलं का मी रचलं, काय कळंना.

पर बाया! पाचाच्या नऊ झाल्या, नवाच्या एकोनीस. ध्याय संपला की तांदूळ वाह्यच्या, नमस्कार करायच्या. काकासाहेबांची सून सविता बिचारी इचारती, "मावशी, ह्यो वकील कोन्या देवाचा भक्त?" म्या म्हनलं, "ऐकत ऱ्हा, म्होरं यील." दगडाबाई लई चौकस. "चांगुणे, पोथीत टॉर्च कुटनं आली गं?" म्या म्हनलं, "ती टॉर्च न्हाई, ते अस्त्र हाय, त्यात सेल घालावा लागतो." दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आदी येऊन बसली. तिलाबी कळायला पाहिजे हुतं, वकिलाला मारलं कुनी. ज्या दिवशी शेळी भुयारात हरवली त्या दिवशी सविता पदरानं डोळे पुसत घरी गेली. आपल्या खऱ्या पोथीला सा सालात कुनी रडलं न्हाई वन्सं. मला वाईटबी वाटलं आन् बरंबी वाटलं.

आता माझ्या नावानं ज्या कागाळ्या तुमच्यापतूर आल्यात त्या एकेक घ्या. त्यातलं समदं पुस्तकांनी केलंय, म्या न्हाई. खळ्याच्या बांधावर ग्रामसेवक उभे हुते. लई दिसांनी घावले म्हनून मी त्यांना नळाच्या पान्याचं, रस्त्याच्या चिखलाचं, समदं सांगितलं. चांगली अर्दी घटका. हूं न्हाई की चूं न्हाई. मागनं दगडाबाई आली आन् म्हनली, "अगं बये, ह्ये बुजगावनं हाय!" आता तुमीच सांगा, हूं न्हाई चूं न्हाई म्हनल्यावर ग्रामसेवक न्हाई असा संशय मला कसा यावा? मंग परवाच्याला आप्पासाहेब डोक्यावर खताच्या गोनीची पांढरी खोळ घिऊन पुस्तकं परत मागायला आले. मला तर बिनतोंडाची पांढरी बाईच दिसली. मी हातातलं तांदळाचं धुवन फेकलं आन् मामंजींचं नाव घेतलं. आप्पासाहेब म्हनले, "चांगुणाबाई, पुस्तकं सावकाश द्या." भला मानूस. धुकं लई हाय हो औंदा. दगडाबाई म्हनती, कसलं धुकं, चार दिस झाले उघाड पडलीय. तिला काय, ती भुताखेताचं वाचत न्हाई.

म्हशीचं सांगायला नको वाटतं, पर तुमाला कळलंच आसंल. भुताच्या पुस्तकात दोन जुळ्या भैनींची अदलाबदल हुती, का लेकरांच्या पुस्तकात दोन पिशव्यांची, कशाचीतरी हुती. त्येच डोक्यात, आन् सांच्याला रानातनं येताना मी काकासाहेबांची म्हस आपल्या गोठ्यात आनून बांदली. पान्हवायला बसले तर लाथ अशी बसली की बादली गेली आंगनात आन् मी गेले उकिरड्यावर. चिमनीनं मला धा सालात पाय लावलेला न्हाई, म्हनून वळखलं की ही चिमनी न्हाई. चिमनी काकासाहेबांच्या दारात उभी ऱ्हाऊन रडत हुती. सोमवारच्या शिऱ्यात मिठाचंबी तसंच. डबे शेजारी शेजारी ऱ्हात्यात. एकोनीस बायांनी खाल्ला, कुनी बोललं न्हाई, त्यांना वाटलं ह्या पोथीला असाच निवद लागतो. सविता तर म्हनली, "मावशी, कडक व्रत हाय." एकल्या दगडाबाईनं थू केलं आन् घरी जाऊन रविराजला फोन लावला.

तर ह्ये असं हाय. भूत न्हाई, बाहेरचं न्हाई, वयबी न्हाई. वाचनाचं याड म्हना. रविराजला सांगा, आईला वाचायचा नाद लागलाय, नाद सुटंल. हितं तुमच्या बंधूंनी लावलेला आंबा हाय, त्येच्या बुंध्यापतूर चुलीपास्नं एकवीस पावलं. न्हानीपतूर नऊ. गोठ्यापतूर चौदा, मदी एक उंबरा. घर समदं पायाला ठावं हाय. चौथ्या मजल्यावरची पावलं मला कोन मोजून देनार?

सूनबाईला आशीर्वाद सांगा, तिला आवडंल न आवडंल, सांगा तेवढा. तुमच्या बंधूंच्या फोटूम्होरं बसून लिवलंय, म्हंजी साक्षीदार हाय.

तुमचीच खोडकर भावजय
चांगुणा

ता. क. – संग ती भुताची कादंबरी पाठवलीय. शेवटची नऊ पानं तुमी वाचा आन् वकिलाला मारलं कुनी त्ये मला सांगा. पोळ्याला समाप्ती हाय, एकोनीस बाया निवद घिऊन यीनार, दगडाबाई सोबत सुनंलाबी आननार, आन् शेवट ऐकल्याबिगर एकबी उठनार न्हाई. कल्याणकडं निरोप देऊ नका, त्यो डेअरीवर वराडून सांगंल आन् माझी समाप्ती तितंच हुईल. तुमी सोता या, पोळ्याच्या आदल्या दिवशी. रविराज पोचायच्या आत.

ता. क. दुसरं – येताना तुमचा त्यो काळा गॉगल घिऊन या. चेष्टा न्हाई. आन् त्या डोळ्याच्या दवाखान्यात किती दिस ऱ्हावं लागतं, सुई डोळ्यातच मारत्यात का, आन् तुमी तवा वराडल्या हुत्या का, ह्ये खरं सांगा. गेल्या साली मी इचारलं न्हाई, नुसती हसले. तवर चिमनीला सविता बघंल, मी तिला नुसतं शेळीचं म्होरं काय झालं त्ये सांगायचं कबूल केलंय. रविराजला आताच काय बोलू नका.

ता. क. तिसरं – पोथीला कसर लागलेली न्हाई. पोथी धड हाय. मलाच दिसंना झालंय, वन्सं.