झुंबररावांच्या छत्रीची शेवटची चार पानं

उमरखेड,
१३ नोव्हेंबर २००५

ती. चंद्रशेखरदादास,
शीलाचा शि. सा. न. वि. वि.

पुसदच्या पुस्तक-प्रदर्शनातून सलीलनं माझ्यासाठी ‘झुंबररावांची दुसरी छत्री’ आणली. आपल्या ‘झुंबरराव छत्री विसरले’चा हा पुढचा भाग, लेखकानं पन्नास वर्षांनी लिहिलेला. लेकरू आजीला खाऊ आणल्यासारखं पाहत होतं, आणि मी पहिल्याच पानावर चिडले. झुंबरराव म्हणे परगावी छत्र्या दुरुस्त करतात. घर सुटल्याला तीस वर्षं झाली, आई वाट पाहून गेली. अरे, पण ते घरी आले होते ना? विसरलेली छत्री घेऊन दिवेलागणीला आले, आईनं अंबाडीची भाजी वाढली, छत्री वाळत घालायला उघडली तर ती भलत्याचीच निघाली. तू सांगितलंस तेव्हा हसून हसून मला उचकी लागली होती. लेखक स्वतःचंच पुस्तक विसरला की काय?

तसंही दोन पुस्तकांत फार फरक आहे. पहिलं आपलं आपण चालत राहतं, हसायचं तर हसा. दुसरं एक विनोद करतं आणि थांबून आपल्या तोंडाकडे पाहतं.

माझ्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण इथे हंसाबाई आहे. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून भाजी घेऊन येते, टोपली रिकामी झाली की आमच्या ओसरीवर चहा घेते. तिला वाचता येत नाही म्हणून मी दर बाजाराला तिला झुंबररावांचं एकेक प्रकरण वाचून दाखवलं. माझ्या प्रतीची शेवटची चार पानं पहिल्यापासूनच नाहीत, म्हणून शेवट तुझ्याकडून ऐकलेला तसा सांगितला. तिचा मुलगा भारत दोन वर्षांपूर्वी, कापसाचा भाव पडला त्या हंगामात, सोयाबीन पेरू म्हणाला. बाप लखीराम ऐकेना, कापूसच म्हणे. पोरगा रागानं हैदराबादेला गेला. मित्राच्या हाती पत्त्याची चिठ्ठी तेवढी पाठवली. पण रागानं गेलेल्याला बोलवायचं नाही, त्यानं आपल्या पायानं यावं, अशी त्या घरची रीत. हंसाबाई म्हणायची की झुंबऱ्या आलता ना आपसूक, तसा माहा भारतही येईन. काल मी वेड्यासारखं नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिला वाचून दाखवलं. ती चहा तसाच ठेवून उठली.

तेव्हा शेवटचं प्रकरण तुला आठवतं तसं लिहून पाठव. हंसाबाईला वाचून दाखवते, आणि प्रकाशकालाही चांगलं खरमरीत पत्र टाकते.

तुझी छत्री दोन वर्षं आमच्या खुंटीला आहे. सवड होईल तेव्हा ने. माया आहे तशी राहू दे.

तुझी धाकटी,
शीला


दारव्हा,
२२ नोव्हेंबर २००५

चि. सौ. शीलास
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘दुसरी छत्री’ मीही मागवून वाचली. तू म्हणतेस ते खरं आहे, हसू पुष्कळ ठिकाणी ओढूनताणून आणलेलं आहे. तरी एका जागी मी थांबलो. झुंबरराव दुरुस्त केलेल्या प्रत्येक छत्रीच्या दांड्याला मालकाच्या गावाचं नाव दोऱ्यानं बांधून ठेवतात, म्हणजे हरवली तरी तिला घर सापडावं. हे पहिल्या पुस्तकातल्या तरण्या लेखकाला सुचलं नसतं. त्यासाठी म्हातारंच व्हावं लागतं.

आज बाजारात जीपवाल्यांच्या गर्दीतून येताना जुने दिवस आठवले. कापसाच्या गाड्यांची रांग तेव्हा दोन-दोन दिवस हलायची नाही. शाळा सुटली की मी एखाद्या जुवावर बसून पहिली छत्री मोठ्यानं वाचायचो. मागच्या गाडीवाल्याला ऐकू जायचं नाही, मग पुढचा त्याला सांगायचा, तो त्याच्या मागच्याला. हसू असं गाडी-गाडीनं मागे जायचं, आणि मी पुढचं पान उलटलं तरी शेवटची गाडी मागच्याच पानावर हसत असायची. एक गाडीवान मला मास्तर, वाचून राह्यले का जेवून राह्यले, असं विचारायचा, इतका मी त्यात रंगलेला. यंदा गाड्या कमी, आणि रांगेतली माणसं बोलतही नाहीत. मी चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता पुटपुटत घरी आलो. चाल अजून तीच येते, शब्द मात्र मधले दोन गळतात.

थंडी पडू लागली आहे. गुडघ्यांना जप. येईन कधीतरी. आठवण काढतेस तशीच काढत जा.

तुझा,
दादा


उमरखेड,
२७ नोव्हेंबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दोन्ही बाजूंनी कागद भरलास, आणि मागितलं होतं तेवढंच त्यात नाही. शाळेत उत्तर येत नसलं की तू पेपरात कविता लिहून यायचास, हे मला आईनं सांगितलं होतं.

हंसाबाई दोन बाजार आली नाही. काल लखीराम भाजी घेऊन आला. त्यानं टोपली ठेवली आणि विचारलं की बाई, पुस्तकात असं काय लिवलं हाय, घरवाली बोलूनच नाही राह्यली. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. झुंबरराव घरी आले की नाही आले? मला एका ओळीत कळव. रागावले नाही, पण रागावेन.

तुझी,
शीला


दारव्हा,
५ डिसेंबर २००५

चि. शीलास
अनेक आशीर्वाद.

नाही आले.

तुझ्या प्रतीची चार पानं हरवली नव्हती. मी फाडली. पन्नासवर दोन वर्षं झाली, ती माझ्या पाचवीच्या कवितेच्या पुस्तकात आहेत. पत्रासोबत पाठवतो आहे. कडा सांभाळून धर, कागद पापडासारखा झाला आहे.

तेव्हा आईला नागपूरला दवाखान्यात नेलं होतं. तू आठ वर्षांची, मी पंधराचा. बाबा तिच्याजवळ, आपण दोघं काकूकडे. तू रोज पायरीवर बसायचीस, आणि जाणाऱ्या येणाऱ्याला आमची आई येईल का म्हणून विचारायचीस. मी संध्याकाळी तुला एक प्रकरण वाचून दाखवायचो, म्हणजे तेवढा वेळ तू विचारायची नाहीस. शेवटचं प्रकरण मी दुपारी आधी वाचून घेतलं. छत्री घेऊन झुंबरराव मोटारीत बसतात. मोटार त्यांच्याच घरासमोर क्षणभर थांबते. आई दारात तांदूळ निवडते आहे. झुंबररावांना वाटतं, आई हाक मारील तर उतरू. सांगून नाही गेलो, रागावली असेल. आईला वाटतं, बाबू कुठल्या कामाला चालला असेल, उतरायचं तर आपणच उतरेल. दोघं एकमेकांकडे पाहून मान हलवतात, आणि मोटार निघून जाते. लेखकानं हे इतकं गमतीचं लिहिलं आहे की मी वाचताना हसलो, आणि मग पायरीकडे पाहिलं.

तुला ते वाचून दाखवणं मला जमलं नाही. पुढे तू आपली आपण वाचायला घेतलंस तर सापडेल, म्हणून पानंही फाडली. अंबाडीची भाजी माझी. भलत्याची छत्रीही माझी. दोन महिन्यांनी आई खरंच आली, तू मला म्हणालीस की बघ, झुंबररावांसारखी आली. त्यानंतर सांगायला तोंड उरलं नाही.

आज दोन्ही पुस्तकं समोर ठेवली तर दुसरं मला पटतं. ते पहिल्याशी प्रामाणिक आहे. खोटं मध्येच मी घुसडलं. पण ते तुझ्या हातून त्या माउलीपर्यंत जाईल, आणि ती त्यावर दोन वर्षं काढील, हे पंधराव्या वर्षी कसं कळणार. तिला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांग.

आपल्या दादावर पूर्वीसारखाच जीव ठेव, जमलं तर.

चंद्रशेखर


उमरखेड,
१४ डिसेंबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पानं पोचली. पहिले दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलले नाही. हे कशावरून उदास आहेस विचारत होते. झुंबररावांवरून, असं सांगितलं असतं तर हसले असते.

मग मी चार पानं पिशवीत घालून तांड्यावर गेले. हंसाबाई अंगणात कापसाच्या ढिगाशी बसली होती, वेचलेल्यातली पाती-पानं काढत. तिला सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. मग पानं वाचली. ती पुन्हा वाच म्हणाली, पुन्हा वाचली. मोटार निघून जाते तिथे ती हसली, दादा. पोट धरून हसली, आणि हसतानाच डोळ्याला पदर लावला. मग तिनं विचारलं की तुहा भाऊ तवा केवढा होता. पंधराचा म्हटल्यावर म्हणाली की लेकरूच होतं, त्याले काही बोलू नको. मीही मग तुला माफ करून टाकलं. तिच्यापुढे माझा राग टिकला नाही.

थोड्या वेळानं तिनं आणखी एकच विचारलं. त्या म्हातारीनं हाक मारली असती तं तो उतरला असता ना? मी म्हटलं, उतरला असता. ती उठली, आत गेली आणि कडीच्या डब्यातून भारतच्या पत्त्याची चिठ्ठी घेऊन आली. तिथेच बसून तिनं मला पत्र सांगितलं. पऱ्हाटी पेरायची का सोयाबीन ते मागून पाहू, तू आधी जेवाले ये, एवढंच. खाली ‘तुझी याडी’ असं लिहायला लावलं. भारत आईला तसंच म्हणतो.

लखीराम पाठमोरा बसून बैलाचं दावं वळत होता. रीत मोडते आहे हे त्यालाही दिसत होतं. मी पाकीट बंद करायला लागले तेव्हा तो मान न वळवता म्हणाला की उमरखेडले कोण्या दिवशी उतरतो ते कळव म्हणा, गाडी जुंपून आणतो. मी तेही लिहिलं. पत्र परवा टाकलं. उत्तर अजून नाही.

चार पानं मी पुस्तकात जागच्या जागी खळीनं चिकटवली आहेत. थोडी तिरकी बसली. तुझी अंबाडीची भाजी मात्र कुठे लिहिलेली नाही, ती मला लिहून हवी आहे, मागच्या कोऱ्या पानावर, तुझ्या अक्षरात.

दोन वर्षं तुझी छत्री इथे आहे, आणि दोन वर्षं मी लिहिते आहे की सवड होईल तेव्हा ने. दादाला वाटेल तेव्हा येईल, असं मनात म्हणत होते. तूही बहुधा मी बोलावण्याची वाट पाहत असशील.

ये. सकाळच्या गाडीनं बसलास तर जेवायला पोचशील. मी दारात उभी राहीन, आणि हाक मारीन.

तुझी,
शीला