तीन नंबरचा काटा

५ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! पंपहाउसात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. फाटकाच्या आतच दोन खोल्याही मिळाल्या. ओटा फार उंच म्हणून हिनं आल्याआल्या नाक मुरडलं. सातवा महिना लागलाय, सध्या सगळ्यालाच नाक मुरडायचा तिला हक्क आहे. माझ्याकडे चार पंपांचं पॅनेल. पंपाच्या दांड्याजवळचा सेन्सर दर फेऱ्याला एक ठोका पाठवतो. पॅनेलमधला सिग्नल कंडिशनर, म्हणजे तळहाताएवढा एक डबा, त्या ठोक्यांवरून काटा हलवतो. मिनिटाला किती फेरे ते काट्यावर वाचायचं, बस्स. ऑपरेटरकाका फटकळ आहेत, पण चहा स्वतःहून दिला.

७ तारीख, बुधवार
तीन नंबरचा पंप वर्षभर बंद आहे, मोटारसुद्धा काढून नेलीय. तरी काटा १४० वर! शेजारच्या केबलचा उपद्व्याप असेल म्हणून सेन्सरची वायरच सोडवली. काटा जागचा हलला नाही. घ्या आता! काका हसले. म्हणाले, इथं असं झालं की डब्यावरचा झिरोचा स्क्रू फिरवून काटा खाली बसवायचा, रजिस्टरात 'झिरो केला' लिहायचं, की साहेब खूश. दुखणं शोधायचं सोडून झाकायचं, मला काही पटलं नाही. पण शुक्रवारी तपासणी आहे.

८ तारीख, गुरुवार
सकाळी डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. मी तिथंच रडलो, हिनं कोपर मारलं. मिनिटाला १४०, अगदी छान, असं बाई म्हणाल्या. मला हसूच आलं, आमचा काटाही तेवढाच!
जेवणानंतर स्क्रू फिरवला. काटा मुकाट खाली आला, शून्याच्या जरासा वर राहिला. रजिस्टरात 'झिरो केला' लिहिलं.

९ तारीख, शुक्रवार
तपासणी पार पडली. खुशीत घरी आलो तर ही भिंतीला टेकून बसलेली. बाळ हलत नाहीये म्हणाली. कधीपासून? काल दुपारपासून. जेवणानंतर.
दवाखान्यात धावलो. ठोके आहेत, पण फार मंद. बाईंचा चेहरा उतरला होता. उद्या पुन्हा बोलावलंय.

१० तारीख
रजिस्टर मागं चाळलं. माझ्या आधीच्या टेक्निशियनचं अक्षर: 'तीन नंबर, १३८. झिरो केला.' दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस रजा. काकांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, बायकोच्या पोटातलं मूल गेलं त्याचं.
पॅनेलकडे पळालो. स्क्रू उलटा फिरवला. नव्वद. एकशे वीस. एकशे चाळीस.
हिचा फोन आला. रडत होती, हसत होती. बाळानं लाथ मारली.

११ तारीख
काटा आपोआप उतरतोय. कुणी हात लावलेला नाही. ११० झाला की हिचा फोन येतो, बाळ गप्प झालंय म्हणून. मी स्क्रू पिळतो. बाळ हलतं. दर अर्ध्या तासानं.
हिला काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

१२ तारीख
साहेबांना सगळं सांगून टाकलं. पाया पडलो. ते चिडले नाहीत, खांद्यावर हात ठेवून झोप काढ म्हणाले. बंद पंपाचा डबा हवाच कशाला, उद्या काढून टाकू, म्हणजे तुझ्या डोक्याचा ताप जाईल —
मी काय बोलून बसलो!

१३ तारीख
वरच्या पॅनेलच्या खोलीला आतून कडी लावलीय. डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर, उजव्यानं लिहितोय. १४०. हिचा फोन — बाळ मस्त खेळतंय, तू घरी ये, घाबरवू नकोस मला.
तीनच महिने काढायचेत. मी इथून हलणार नाही.
काका दार ठोठावतायत. साहेबही आलेत. डबा देणार नाही म्हटलं — बरं, राहू दे, म्हणाले. कसं ऐकलं एवढ्यात?
पावलं जिन्यावरून खाली —
मेन स्विच. मेन स्विच जिन्याखाली आहे. विसरलोच मी —
साहेब, नका —
पंप थांबले. सगळे.
एकशे दहा. स्क्रू फिरतोय, काटा येत नाही. सत्तर. चाळीस —
फोन वाजतोय. हिचा —