सुरतचा चौकोन हिरवा आहे

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
बिपिनभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. ते आमच्या प्रोसेसिंग मिलचे मॅनेजर. कापड सोडून बाकी सगळ्यावर त्यांचा संशय. म्हणाले, "प्राजक्ताबेन, मुंबई ऑफिसला आपलं युनिक्स मशीन तिथे बसून बघायचं छे. एजंट चालू करो." एकतीस मार्चला माझं प्रोबेशन संपतं. तोपर्यंत एजंट सलग पंधरा दिवस चालला तर कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये कायम. नाही चालला तर काय, विचारलं. "जोईशुं," म्हणाले, म्हणजे बघू.
चालेल. मॅन्युअल दोनदा वाचलंय. घरी कायम झाल्याचं सांगून टाकलं.

४ फेब्रुवारी
स्वतःसाठी लिहून ठेवते. एजंट हा माणूस नाही, प्रोग्राम आहे. मशीनमध्ये मागे बसून राहतो. मुंबईचा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी विचारतो, बरं आहे ना. हा उत्तर देतो. उत्तर मिळालं की मुंबईच्या स्क्रीनवर सुरतचा चौकोन हिरवा, नाही मिळालं की लाल. आईला समजावलं. ती म्हणाली, मग फोन का नाही करत.

६ फेब्रुवारी
विचारणाऱ्याला आधी परवलीचा शब्द सांगावा लागतो. तो 'पब्लिक' असा ठेवलेला निघाला. जगभर हाच असतो म्हणे. बदलला. नवा शब्द कोणालाही सांगितला नाही.

७ फेब्रुवारी
मुंबईत दिवसभर लाल. तिथे पराग नावाचा इंजिनिअर आहे. त्याने फोनवर नवा शब्द विचारला. फोनवर ऑपरेटर ऐकतात. लाखेचं सील केलेल्या पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने पाठवला.

१२ फेब्रुवारी
पाकीट पोचलं. परागने विचारलं, तुमच्या घरी सगळे असेच आहेत का. हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी, स. ९.१०
एजंट चालू. मॅन्युअलमध्ये एक ऑप्शन आहे. तो दिला की एजंट मागे न जाता आपल्या टर्मिनलवरच चालतो आणि प्रत्येक प्रश्न, प्रत्येक उत्तर स्क्रीनवर दिसतं. 'फक्त तपासणीसाठी' असं लिहिलंय. मी रोज तपासणार, म्हणून रोज देणार. दर अर्ध्या तासाने वहीत टिक. दिवसात सतरा.
सहाला लॉगआउट केलं, टर्मिनलवर कव्हर घातलं, निघाले. मराठी शाळा लांब होती म्हणून पहिली-दुसरी मी घरीच बाबांजवळ शिकले. पाढ्यांच्या आधी त्यांनी शिकवलं ते आवरून उठणं. पाटी पुसायची, पाट भिंतीला लावायचा, पंखा बंद करायचा, मगच उंबऱ्याबाहेर. हात अजून आपोआप चालतात.

१४ फेब्रुवारी
पराग म्हणतो, काल ६.०५ पासून आज ९.१० पर्यंत लाल. मी त्याला सतराच्या सतरा टिका वाचून दाखवल्या. एकही लाल नाही. मुंबईची लाईन संध्याकाळी खराब होत असणार. टेलिफोनवाल्यांना अर्ज लिहिला.

१७ फेब्रुवारी
तेच. स्मरणपत्र.

२० फेब्रुवारी
संकल्प: जास्त वेळ लक्ष ठेवायचं. सातपर्यंत थांबले. मुंबईत ७.०५ ला लाल. म्हणजे लाईन आता तासभर उशिरा खराब होते. सुधारणा आहे.

२६ फेब्रुवारी
धुरपदाबाई आमची कॉम्प्युटरची एसी रूम झाडते. नंदुरबारकडची, राहायला बमरोलीला. आमचं फोनवरचं भांडण रोज तिच्या कानावर पडतं. आज झाडू न थांबवता तिच्या अहिराणीत म्हणाली, "तू गयी का ते मरस, तू उनी का उठस. त्यान्हा तुन्हावर जीव शे, बाई."
युनिक्स तिला कुठून कळणार. पण कोणाचा तरी जीव आहे, हे ऐकून बरं वाटलं.

५ मार्च
ताप. घरी. परागचा शेजाऱ्यांकडे फोन: दिवसभर लाल. योगायोग.

८ मार्च
परागने आवाज अगदी मऊ करून विचारलं, "मॅडम, जाताना तुम्ही काही करता का?" मी म्हटलं, काही नाही, सगळं आवरून जाते. तो म्हणाला, "आवरून म्हणजे?" मी म्हटलं, खाजगी प्रश्न नकोत.

१० मार्च
घाबरण्यासारखं काही नाही. सतरापासून एकतीसपर्यंत बरोबर पंधरा दिवस होतात.

१८ मार्च
काल संध्याकाळी लाल. 'सलग' म्हणजे कामाच्या वेळेत सलग, असा अर्थ धरायला हरकत नसावी. तसं बिपिनभाईंना लिहून दिलं. तीन प्रतींत.

२४ मार्च, धुळेटी
मिल बंद. खानदेशी कामगार गावी गेलेत. मी रंग खेळले नाही. जेवताना दोनदा सुरतचा चौकोन डोळ्यासमोर आला. रंग दिसला नाही.

२७ मार्च
पराग स्वतः आला. मला वाटलं होतं उंच असेल. स्क्रीन पाहिली, टिकांची वही पाहिली, वही हळूच मिटली. म्हणाला, टर्मिनलला बांधलेला एजंट तुम्ही लॉगआउट केलंत की मरतो, रोज तुम्हीच मारताय. मग तो ऑप्शन काढून एजंट पुन्हा चालू केला आणि मशीन सुरू होतानाच एजंट आपोआप मागे सुरू व्हावा म्हणून एका फाइलमध्ये एक ओळ घातली. मला लॉगआउट करायला सांगितलं. केलं. त्याने मुंबईला फोन लावला. हिरवा.
चहा प्यायला आणि गेला. धुरपदाबाई दारात उभी राहून हसत होती.
मुंबईची लाईन नेमकी आजच दुरुस्त झालेली दिसते. टिक केली.

३१ मार्च, सोमवार
बिपिनभाईंच्या टेबलावर मुंबईहून आलेला महिनाभराचा तक्ता होता आणि शेजारी माझं हजेरीचं कार्ड. सत्तावीसपर्यंत मी आत, तेव्हा हिरवा. मी बाहेर, तेव्हा लाल. पाच मार्चला पूर्ण लाल. अकरा तारखेला बस चुकली होती, तीही पंधरा मिनिटं लाल. त्यांनी दोन्हीवर बोट फिरवत नेलं. "बेन, गेटवरचं पंचिंग मशीन पण एवढं खरं नथी बोलतुं."
पत्र दिलं. कायम केलंय. टाइम ऑफिसमध्ये, कामगारांच्या हजेरीवर.
घरी आईने शिरा केला. पत्रातल्या 'कायम' शब्दावर मी बोट ठेवून दाखवलं. खालची ओळ वाचली नाही.

२ एप्रिल
टाइम ऑफिस गेटजवळ आहे. वारा चांगला येतो. बिपिनभाई जाता जाता सांगून गेले, एजंट सहा दिवस हिरवा. मी विचारलं, आता त्याच्याकडे कोण बघतं.
"कोई नहीं," म्हणाले. "म्हणूनच चाले छे."