अल्बिनोच्या डोक्यावरचा पिवळा डाग

एर्लांगेन, जर्मनी, बुधवार, १९ ऑगस्ट २०१५

ऑफिसातून आले तर अल्बिनोच्या डोक्यावर पिवळा डाग. सकाळी नव्हता, हे नक्की. पाळलेल्या दोन्ही बिनविषारी गार्टर सापांचा रंग आणि वागणं मी रोज लिहून ठेवते. काळा, पिवळ्या पट्ट्यांचा, तो चिडका. हात लावला की घाण वास सोडतो. अल्बिनो फिकट गुलाबी आणि इतका शांत, की आजारी पडला तरी कळायचं नाही. बुरशी? कावीळ? प्राण्यांच्या डॉक्टरांचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागायला फोन उचलला, पण आधी डाग ओल्या कापसाने पुसून पाहिला. कापूस पिवळा झाला.

"आई, याला काही लावलंस?"

"हळद. आज नागपंचमी, तुला कुठलं लक्षात!"

"आणि दूध?"

"नाही दिलं. बाधतं म्हणालीस ना."

"काळ्याला?"

"तो फुत्कारला. अगदी तुझ्यावर गेलाय. त्याला लांबूनच नमस्कार केला."

डाग पूर्ण गेला, खालचे खवले स्वच्छ. इतकं हलकं वाटलं की रागवायचं राहूनच गेलं. की रागवायचंच नव्हतं? पुण्याहून आल्यापासून आई या खोलीच्या दारातही उभी राहत नव्हती. सापांच्या घरात झोप लागत नाही, परतीचं तिकीट अलीकडचं करून दे, हेच रोज. आज मी घरी नसताना तिने काचपेटीचं झाकण काढून त्याच्या डोक्याला बोट लावलं.

जेवताना म्हणाली, "किती गार लागला गं हाताला. थंडी नाही ना वाजत त्याला?"