ब्रेकवरचा पाय

३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. कंबर धरली, शेकतोयस, इथवर ठीक. पण जिन्यात उजव्या पायातली चप्पल निसटली आणि दोन मजले तुला पत्ताच नाही, हे हसण्यावारी न्यायचं? तीस वर्षं नर्स होते मी, मला गुंडाळू नकोस. चवडे उचलून नुसत्या टाचांवर दारापासून खिडकीपर्यंत चाल आणि जमलं का ते खरं कळव. पन्नास माणसांची बस त्याच पायाच्या भरवशावर थांबते.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पास झालो! मध्ये फक्त एकदा कपाटाला हात लावला. ही म्हणाली, बदक बरं. पाय जरा जड वाटतो, पण मी युक्ती काढली आहे. ब्रेक दाबायच्या आधी खाली एक नजर टाकतो, पाय जागेवर आहे ना ते बघतो. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आता आजारी म्हटलं तर चौकशीच्या खिडकीत बसवतील, आणि तिथे मी वेडा होईन. काळजी नसावी.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

कपाटाला हात लावलास म्हणजे नापास. तू पायाकडे बघतोस तेव्हा रस्ता कोण बघतं रे? मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली असणार, आधी तपासून घे. तुझ्या आगारप्रमुखांना मी पत्र लिहून ठेवलंय. आठ दिवसांत तू स्वतः सांगितलं नाहीस तर टाकणार. मग माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल.

ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न.

ते पत्र टाकू नकोस. तुझा इतका राग आला होता की तुझं पत्र फाडून कामावर गेलो. शाळेसमोर एक बाई लहान मुलीला घेऊन रस्त्यात उतरल्या. मी ब्रेक दाबला, म्हणजे मला तसं वाटलं. खाली पाहिलं तर पाय नुसता बाजूला टेकलेला. हातब्रेक ओढला, बस हातभर अंतरावर थांबली. तिथेच प्रवासी उतरवले आणि आगारात फोन करून सगळं सांगितलं.

गादी सरकलेलीच निघाली. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. पायात जोर परत येईल का, डॉक्टर खात्री देत नाहीत. मला भीती वाटते, ताई, पण पायाची नाही. त्या बाईंना वाटलं, मी त्यांच्यासाठी थांबलो. हात उंचावून, हसून त्यांनी माझे आभार मानले. हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, तो घेऊन बुधवारपर्यंत ये.

तुझा धाकटा