तोआदेरला घरी आणताना

१२ मार्च, सोमवार

आजचा हिशेब —
विमानाची तिकिटं, ग्रंथालयातल्या बाईंनी छापून दिली. माझं जाऊन-येऊन, तोआदेरचं नुसतं येण्याचं. १४१० लेय.
छपाई — ३ लेय.
शुद्ध मेणाची मेणबत्ती, मठातली, एक — ६ लेय.
काळा दोरा, एक रीळ — २ लेय.
वासरू विकलं त्याचे १२०० मिळाले. बाकीचे ईस्टरच्या डब्यातून काढले.

झांफिरा — तोआदेरची थोरली बहीण, अंगणापलीकडेच राहते — तिकिटं उलटीपालटी करून म्हणाली, "एवढ्यात बसने चारदा जाऊन आली असतीस. नवऱ्याला आणायला चाललीस की ढग बघायला?" बसला दोन दिवस लागतात, ताई! जाताना दोन, येताना दोन. तेवढे त्याच्याकडे आहेत की नाहीत ते देवमातेला ठाऊक.

१३ मार्च, मंगळवार

बाश्किमचा फोन. तिकडे इटलीत तोआदेरबरोबर पीचच्या बागेत काम करतो, त्याच्याकडून आमची भाषा शिकलाय. अल्बेनियाचा मुसलमान, पण माणूस सोन्यासारखा. म्हणाला, दोन्ही फुप्फुसांत पसरलंय. डॉक्टर तीन-चार आठवडे म्हणतात.

तोआदेरला सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही. आमच्याकडे आजाऱ्याला सांगत नाहीत — ऐकलं की माणूस आतून हात सोडतो. मी त्याला फोनवर म्हटलं, "छातीत पाणी झालंय. घरी ये, इथल्या हवेत बरा होशील. वासरू विकलंय, तिकिटं काढलीयेत." तो म्हणाला, "बरं." एकोणीस वर्षं तो फोनवर "बरं" म्हणतोय. नाताळला तीन आठवडे येतो, तेव्हाही तेवढंच.

एकच मागणं आहे. त्याने परक्या खाटेवर जाऊ नये. हातात पेटती मेणबत्ती नसताना माणूस गेला की पलीकडे अंधारात चाचपडत राहतो. माझा सासरा तसा गेला, जंगलात, झाड पडून. सासू मरेपर्यंत त्याच्या नावाने रडली. मी तसं होऊ देणार नाही!

१४ मार्च, बुधवार

त्याचा राखाडी कोट धुऊन वाळवला. अस्तरात खालच्या शिवणीला पन्नास बानीची, म्हणजे अर्ध्या लेयची, चोवीस नाणी शिवली. मेल्यावर जिवाला वर हवेत चोवीस जकातनाकी लागतात — एकेका नाक्यावर एकेका पापाची झडती. नाणं हाताशी असलेलं बरं. रस्त्यातच काही झालं तर? आणि रस्ता तर हवेतूनच!

शिवताना बोट तीनदा टोचलं.

१५ मार्च, गुरुवार. फाएन्झा, इटली.

याशहून व्हिएन्ना, व्हिएन्नाहून बोलोन्या. जन्मात पहिल्यांदा विमान. गुडघे पुढच्या सीटला टेकतात, कोंबड्या पिंजऱ्यात भरतात तसे भरलेले सगळे. पाव दिला, त्यात चीज — उपवासाचे दिवस, परत केला. नुसता पाव मागायचं कसं ते येईना. शाळेत चार वर्षं जर्मन होतं, त्यातलं "बिट्टे" — कृपया — तेवढं उरलंय.

ढगांच्या वर गेल्यावर खिडकीतून बघत राहिले. नाकी दिसली नाहीत. (बघत होते, खोटं का बोलू!)

बाश्किम घ्यायला आला होता. वाटेत त्यांच्या बागा लागल्या. सगळीकडे गुलाबी. मी मान वर केली नाही, जपमाळेच्या गाठी मोजत होते.

१६ मार्च, शुक्रवार

देवा! हा तोआदेर? मनगट माझ्या अंगठा-बोटाच्या कड्यात मावतं. नाकात नळी. मला बघून म्हणाला, "आलीस? दमली असशील."

डॉक्टरीणबाई बाश्किमशी बराच वेळ बोलल्या, हात हलवून. बाश्किम म्हणाला, "वहिनी, या म्हणतात विमानात बसवायचं नाही. वर हवा विरळ. कागद देणार नाहीत." मी म्हटलं, जबाबदारी माझी, कुठे सही करू? दाखवली तिथे केली. पाच ठिकाणी.

बाश्किमने फुललेली डहाळी आणली होती. तोआदेरच्या पांघरुणावर ठेवली. तो बोटाने एकेक फूल हलवून देठाशी काहीतरी बघत होता. दोघं इटालियनमध्ये बोलले. बाश्किमने काहीतरी विचारलं, तोआदेरने माझ्याकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली. मी विचारलं, काय म्हणतो? "काही नाही," तोआदेर म्हणाला, "बागेतलं."

डहाळी पिशवीत मावली नसती. खिडकीत ठेवून दिली.

१७ मार्च, शनिवार

त्याची दाढी केली. उद्या आणखी एकदा करीन. गालाला लावायला लाली घेतली, दोन युरो. देवा, क्षमा कर.

१८ मार्च, रविवार. व्हिएन्नाचा विमानतळ, दुपार.

लिहून काढते, नाहीतर हात थांबणार नाहीत. तो शेजारी चाकांच्या खुर्चीत झोपलाय. श्वास चालू आहे. आता बघितलं.

आज रविवार आणि मी प्रार्थनेला नाही. आज खोटं बोलले — सहा वेळा. पहिलं तिकिटाच्या खिडकीपाशी. तिथल्या मुलीने विचारलं, याला काय झालंय? बाश्किमने मी शिकवलेलं सांगितलं, पाय मुरगळलाय. "बाकी तब्येत?" उत्तम! गालावर लाली, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी. जत्रेतला बाहुला दिसत होता. तिने खुर्ची दिली आणि चिठ्ठी डकवली. बाश्किमला तिथूनच परत जावं लागलं. त्याने वाकून तोआदेरच्या दोन्ही खांद्यांवर ओठ टेकले, म्हाताऱ्या बापाला निरोप द्यावा तसे.

मग तपासणी. उभं राहता येत नाही म्हणून त्या माणसाने खुर्चीतच त्याच्या अंगावरून धातू शोधायची काठी फिरवली. कोटाच्या खालच्या कडेला आली आणि ओरडायला लागली. पुढे सरकवली — ओरडली. पुन्हा! सगळा घेर! चार जण धावत आले. मी "बिट्टे, बिट्टे" म्हणतेय. त्यांनी अस्तर उसवलं. एकेक नाणं काढून प्लास्टिकच्या ताटलीत ठेवलं. टण्. टण्. काठीवाला मोजत होता, मोठ्याने, इटालियनमध्ये. तोआदेर ताटलीकडे बघत होता.

चोवीसवर थांबला. त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले, ताटली दिली, जा म्हणाला.

नाणी मी पिशवीत टाकली. आमच्या गावच्या कुठल्या पोराला विचारलं तरी सांगेल चोवीस नाणी कशाला. पण तोआदेर थकलेला होता, डोळे अर्धे मिटलेले. कळलं नसेल. नसेलच कळलं.

अठ्ठाविसावी रांग. तो खिडकीशी, मी मध्ये, कडेला एक बाई. तिने पट्टा बांधला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चक्क आमच्या भाषेत हळूच म्हणाली, "घरी न्यायचाय ना?" प्रोफिरा नाव तिचं, आमच्याकडच्याच वास्लुईची. इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, अकरा वर्षं. जर्मनही येतं. "घाबरू नकोस. टोपी डोळ्यांवर ओढ. मान तुझ्या खांद्यावर. दारू पिऊन झोपलाय असं वाटू दे — आपल्या पुरुषांबद्दल सगळ्यांना तेच वाटतं, आज तरी कामाला येईल!" मला हसू आलं. अशा वेळी! मग रडू आलं. तिने कोपराने ढोसलं. "नंतर. वर गेल्यावर."

एक तास वीस मिनिटांचा प्रवास. वर गेल्यावर दहा मिनिटांत त्याचे ओठ निळे झाले. श्वास कसा — फाटकं कापड ओढल्यासारखा. मी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. प्रार्थना सुरू केली, एका श्वासाला एक. त्याचा श्वास अडकला की माझी प्रार्थना अडकायची. इथे नको. इथे नको, प्रभू. खाली जमीन नाही, मेणबत्तीला काडी ओढायची सोय नाही, सगळी नाकी इथेच बसलेली आणि मी त्याला हाताने धरून त्यांच्या दारात आणलाय!

खाण्याची गाडी आली. विमानातली बाई पन्नाशीची होती, केस करडे. पाव पुढे केलेला हात तिने तसाच मागे घेतला. वाकली. टोपी वर केली. माझा रुमाल घेऊन त्याच्या गालावरून फिरवला — लाल झाला रुमाल.

ती प्रोफिराशी हळू आवाजात बोलली. प्रोफिरा म्हणाली, "ती म्हणते, खोटं का सांगितलंत? आधी कळवलं असतं तर पुढची रांग दिली असती, प्राणवायू तयार ठेवला असता, डॉक्टरशी बोललो असतो. असे लोक आम्ही नेतो, म्हणते. रोज नाही, पण नेतो."

नेतात! मला कुणी सांगितलं असतं तर!

"आता ती विचारतेय — प्राणवायूची बाटली आहे. पण ती काढली की वैमानिकाला सांगावं लागतं. तो कदाचित मध्येच कुठे उतरवेल, रुग्णवाहिका बोलवेल. काढू?"

मध्येच कुठे म्हणजे परका गाव, परकी खाट. तेच! मी म्हटलं, नको.

"नक्की?" नको, नको म्हटलं ना!

तोआदेरचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडे बघत होता. मी टोपी सारखी केली.

त्या बाईने वाद घातला नाही. थंड पाण्याने भिजवलेला टॉवेल आणला, वरची हवेची तोटी त्याच्या तोंडावर वळवली, आणि उतरेपर्यंत तीनदा येऊन त्याच्या मनगटावर बोटं ठेवून गेली. चाकं जमिनीला लागली तेव्हा माझ्या चौदाशे अकरा प्रार्थना झाल्या होत्या.

अजून एक विमान आहे. माते, अजून एक.

२० मार्च, मंगळवार

घरी! परवा संध्याकाळी पोचलो. आपल्या खाटेवर, आपल्या उशीवर. झांफिरा उंबऱ्यातच रडायला लागली, मी डोळे वटारले तेव्हा म्हणाली, "चुलीचा धूर गेला डोळ्यात." तोआदेर म्हणाला, "बरं."

गावच्या डॉक्टरने प्राणवायूचं यंत्र मिळवून दिलं. म्हणाला, नीट जपलं तर अजून तीन आठवडे जातील. थोडं सूप प्यायला. मी जिंकले, असं वाटलं. हे लिहायला नको होतं.

२२ मार्च, गुरुवार

पाद्रीबाबा सकाळी आले. मी मेणबत्ती आणि काडेपेटी फडताळावर, हाताशी येईल अशी ठेवली होती. ते गेल्यावर तोआदेर फडताळाकडे बघत होता.

"मरायलाच आणलंस ना?"

मी म्हटलं, छे! काय बोलतोस! छातीत पाणी —

"त्या माणसाने नाणी मोजली. चोवीस. तेव्हा कळलं."

मी खाली बसले. विचारलं, मग तिथेच का बोलला नाहीस?

"तू तिकीट काढलं होतंस. वासरू विकलंस म्हणालीस." श्वास घ्यायला थांबला. "बरा व्हायला यायचं असतं तर ठीक होतं. मरायचंच होतं तर —"

तर काय? सव्वीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा विचारलं. तुला काय हवं होतं, तोआदेर?

तो खूप बोलला. मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. यंदाची छाटणी त्याने एकट्याने केली, खोकत खोकत. फुलं आली होती. त्यातली किती फळ धरतात ते बघायचं होतं. बाश्किमची खोली बागेला लागून आहे, खाट खिडकीशी ओढू म्हणाला होता. बागेच्या मालकीणबाई हो म्हणाल्या होत्या. दवाखान्यात बाश्किम तेच विचारत होता — वहिनीला सांगू का?

मी म्हटलं, पण परक्या लोकांत! एकटा!

तो म्हणाला, "इथे आता माझ्या ओळखीचं काय राहिलंय, ग्लिचेरिया? तू. आणि तू तर तिथेही आली होतीस."

२३ मार्च, शुक्रवार

झांफिराने विचारलं, "काल एवढं काय बोलत होता?" मी म्हटलं, पाणी मागत होता.

२४ मार्च, शनिवार

विमान कंपनीला फोन लावला तर यंत्र बोलतं. म्हणून पत्र. शाळेतल्या बाई जर्मनमध्ये उतरवून देणार आहेत. नक्कल इथे ठेवते —

"महाशय, गेल्या रविवारी बोलोन्याहून तुमच्या विमानात मी माझ्या नवऱ्याला खोटं सांगून बसवलं. त्याचा पाय मुरगळला नव्हता. तो मरणाला टेकला आहे. तुमच्याकडच्या एक बाई म्हणाल्या, खरं सांगितलं तर तुम्ही अशांना नेता. म्हणून खरं सांगते. त्याला बोलोन्याला परत न्यायचं आहे. पुढची रांग आणि प्राणवायू लागेल. डॉक्टरचा कागद कसा हवा ते लिहा. त्याचं तिकीट नुसतं जाण्याचं. माझंही जाण्याचंच धरा, परतीचं मागाहून बघेन. या वेळी त्याला विचारलं आहे, तो हो म्हणाला. तुम्ही हो म्हणता का, तेवढं उलट टपाली कळवा."